टाळू भरायची राहिली होती

ती घटना आजही आठवते, पण आठवताना आरोपी शेवटी येतो. आधी डोळ्यांपुढे येते ती त्या मुलीची आई.

उदगीर भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. पावसाने सलग दगा दिलेला. निम्मे शिपाई टँकरच्या बंदोबस्ताला, निम्मे नव्या जिल्ह्याच्या मागणीच्या मोर्चाला. ठाण्यात उरलो मी, ठाणे अंमलदार आणि रिकामा माठ. अशात आमच्या जमादारांनी खबर आणली. "साहेब, आडतीमागं एक डॉक्टर बसायलाय. लुळ्या लेकरांचं डोकं नुसतं धरून बसतो म्हनं. लई गर्दी हाय."

उपचाराचं नाव क्रॅनिओसॅक्रल थेरपी. सेरेब्रल पाल्सी झालेल्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन हातपाय ताठरलेल्या मुलांची कवटी आणि कणा हलक्या हाताने धरायचा. त्याने हाडं मोकळी होऊन मेंदूभोवतीचं पाणी नीट वाहतं, असा दावा. साध्या कपड्यांत जाऊन मी पाहून आलो. हात खरंच हलका होता, मुलं शांत पडून राहायची. लिंबू-भस्म दिसलं असतं तर जादूटोण्याचं कलम लावून मोकळा झालो असतो. इथे गादी, उशी आणि भिंतीवर चौकटीतलं प्रमाणपत्र. तक्रारदारही कोणी नव्हता.

मग सरकारी दवाखान्यातून निरोप आला. सहा वर्षांची मुलगी दाखल झालीय, झटके थांबत नाहीत. झटक्यांच्या गोळ्या घरी बंद केल्या होत्या आणि उपचार त्याच माणसाकडे चालू होते.

त्याला ठाण्यात आणलं. थापाडे फार बोलतात, हा आमचा अनुभव. हा मोजकं बोलायचा. "साहेब, मी फक्त स्पर्श करतो. गोळ्या बंद करा असं कुणालाही सांगितलेलं नाही. हवं तर विचारा."

विचारलं. ठाण्याबाहेर लेकरं कडेवर घेऊन जमलेल्या बायाच माझ्यावर तुटून पडल्या. "एवढा एक मानूस आमच्या लेकराला नीट हात लावतो, त्याला बी धरलाव का?" आता सगळं त्या मुलीच्या आईच्या जबाबावर होतं.

ती वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. महिला शिपायाला शेजारी बसवून मी विचारलं, "ताई, गोळ्या सोडायला कुणी सांगितलं? घाबरू नका. चूक त्याची आहे."

तिने पहिल्यांदाच मान वर केली. "त्याची कशी, साहेब? टाळू तर मी भरली न्हाई."

तान्ह्या बाळाच्या टाळूवर रोज तेल घालतात, हे मलाही माहीत होतं. पण त्याचा इथे काय संबंध, ते कळेना.

"जलमली तवा पोर रडलीच न्हाई. काचंच्या पेटीत ठिवली, मला हात लावू देईनात. घरी आनली तर सासूबाई म्हनल्या, टाळू तेलावाचून वाळली, आता लेकरू असंच राहनार. तवापासून हेच आयकायलेय. ह्यानं डोकं धरलं आन् म्हनला, टाळूपाशीच हाड अडकलंय, अजून मोकळं करता येतंय. फकस्त गोळ्यांनी ते आवळतंय, तेवढ्या सोडा. आन् कुनाला बोलू नका, म्हनला."

तपासाला धागा मिळाला. इतर आयांना एकेकटीला बसवून विचारलं, तेव्हा बहुतेकींच्या घरी कुणी ना कुणी टाळूवरून बोललेलंच होतं, आणि गोळ्या सोडायचा गुपचूप सल्लाही त्यांना मिळाला होता. विद्या त्याने बाहेरून आणली होती, पण ती टांगायला खुंटी आमच्याच घरातली शोधली होती. गुन्हा दाखल झाला, त्याला अटक झाली.

माझ्या विनंतीवरून डॉक्टरांनी त्या आईला समजावून सांगितलं. जन्मताना बाळाला श्वास उशिरा मिळाला, इजा तेव्हाच झाली, तेलाचा त्यात काही संबंध नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग ती माझ्याकडे वळली. "साहेब, हे तुमी घरी यिऊन सांगताव का? माजं कोन आयकतंय."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी मुलगी गेली.

ठकाला धरणं आमचं काम, ते आम्ही केलं. पण ज्या बोलण्याने ती बाई आधीच खचली होती, त्याला कुठलंच कलम नाही. डॉक्टरांची ती चार वाक्यं मुलगी जन्मली तेव्हाच कुणी त्या घरात जाऊन बोललं असतं, तर गोळ्या सुटल्या नसत्या. ही हळहळ निवृत्तीनंतरही गेलेली नाही. तेव्हापासून मी हाताखालच्यांना सांगत आलो की माणूस कशाला फसला हे विचारण्याआधी तो कशाने पोळला होता ते विचारा.

शब्द दिला होता, म्हणून मुलीचे दिवस घालून झाल्यावर त्यांच्या घरी गेलो. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या, सून दाराआड उभी होती. डॉक्टरांचं म्हणणं मी सोप्या शब्दांत सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "सुनेची यात काही चूक नव्हती." म्हातारी आता भांडणार, अशी माझी तयारी होती.

"माजं थोरलं लेकरू बी असंच व्हतं, साहेब. लहानपनीच गेलं. मला बी माज्या सासूनं हेच म्हनलं व्हतं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "मग माजी बी चूक न्हवती का?"

त्या मुलाबद्दल मला काहीएक ठाऊक नव्हतं. उभ्या नोकरीत पुराव्याशिवाय मी कधी बोललो नव्हतो.

"नव्हती, आई," मी म्हणालो.