पाहुणीला पटेल असं कारण

माझ्या मोठ्या जाऊबाई घरी बसून शर्टांना काजं-बटणं करतात. त्यांच्या गरिबीचं कारण त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाई म्हणतात, नशीब. शर्टवाला मालक म्हणतो, हात हळू चालतो. त्यांचा भाऊ दूर बसून उंटावरून शेळ्या हाकतो. म्हणे, नवरा नीट बघून केला नाही. माझे दीर लवकर जाणार हे जणू लग्नातच दिसत होतं!

त्या दिवशी मात्र कारण नेमकं सांगायचं होतं. पुतणीला नर्सिंगच्या वसतिगृहात फुकट जागा द्यायची की नाही, हे संस्थेच्या बाई घरी येऊन ठरवणार होत्या. जाऊबाईंची सकाळपासून धांदल. खोली लख्ख पुसली आणि स्वतःच घाबरल्या.

"फार नीटनेटकं दिसतंय का गं? म्हणतील, यांना कसली गरज!"

मग शर्ट पसरले. लगेच उचलले. पसारा बघून आळशी म्हटलं तर? पंखा लावू की नको, हेही मलाच विचारलं. मी वैतागले.

"अहो, बसा आता! परीक्षा आहे का गरिबीची?"

होतीच की.

बाई आल्या, चहा नको म्हणाल्या. जाऊबाईंनी पाठ केलेलं सांगितलं: नवरा अचानक गेला, मजुरी वाढत नाही. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"अडचणी सगळ्यांनाच असतात हो. मीही कष्टातूनच वर आले."

गेली जागा, असं मला वाटलं. तेवढ्यात त्या पुतणीकडे वळल्या. "तुला काय वाटतं? तुमच्या घरात पैसा का टिकत नाही?"

पोरीने बाईंचा चेहरा नीट निरखला. मग म्हणाली, "आईमुळे. तिला मालकाशी बोलता येत नाही. आणि हातात पैसा आला की राहत नाही."

जाऊबाईंनी चमकून लेकीकडे पाहिलं. "हो ना," त्या घाईने म्हणाल्या, "माझा हातच सैल आहे."

धादांत खोटं! ही बाई तुटका दोरासुद्धा गुंडाळून ठेवते. मला बोलायचं होतं, पण जागा गेली असती.

बाई खूश झाल्या. "मुलीला समज आहे," म्हणाल्या आणि जागा पक्की सांगून गेल्या.

जाऊबाईंनी दार लावलं. लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "बरं बोललीस. जागेसाठीच बोललीस ना गं?"

पुतणी "हो" म्हणाली. पण आधी तिने विचार केला, आणि ते आम्ही दोघींनी पाहिलं.