आवाज गिळणारी खोली

आमच्या रेडिओच्या ऑफिसात संशोधनाचं खातं आहे, तिथली माईक तपासायची खोली मी झाडते. भिंतींना नुसते स्पंजचे सुळके, आणि दार लावलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. बाहेर गोधडीवर माझी तापलेली पोर.

“दार लाव गं, धूळ येते,” साहेब म्हणतात.

“साहेब, पोर उठली तर?”

“उठली तर रडेल की.”

“तेच तर ऐकू येत नाही ना.”

एवढी शिकलेली माणसं, आणि ऐकूच येऊ नये म्हणून खोली बांधतात. आईला कुठं कान मिटता येतात? आत माझंच काळीज इतकं वाजतं की पोरच रडतेय वाटतं, आणि मी केर तसाच टाकून पळते. ती आपली गाढ झोपलेली. मग मीच तिला हलवून उठवते. रडली की जिवात जीव येतो.