कूलरसमोरचा कम्प्युटर

नात्यागोत्यात एखादा कम्प्युटरवाला निघाला की तो साऱ्या खानदानाचा होतो. मी अकोल्यात एका कचेरीतले कम्प्युटर सांभाळतो. म्हणजे दिवसभर लोकांना सांगतो की बंद करून पुन्हा चालू करा, आणि घरी आलो की फोनवर मावशीला, मेहुण्याला, साडूला तेच सांगतो. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारचा माणूस वाकून विचारतो की त्याचा प्रिंटर कागद का ओढत नाही. मला राग येतो आणि तो तोंडावर दिसतो, पण विचारणारे कमी होत नाहीत.

राग यायचं कारण म्हणजे निम्म्या तक्रारींत बिघाड नसतोच. कम्प्युटर दरवेळी जुनी तारीख दाखवायला लागला तर आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो बदलला की झालं. पण लोक तोवर दुकानात जाऊन अख्खं विंडोज नवीन टाकून आलेले असतात, आणि तारीख जुनी ती जुनीच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बरं, पडद्यावर काय आलं होतं म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं, काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी बंद करून टाकलं.

फक्त दादाच्या फोनचा राग मला कधी आला नाही. दादा माझा थोरला भाऊ. अमरावतीला एका सरकारी कचेरीत कारकून होता. रिटायर झाल्यावर त्यानं हौसेनं डेस्कटॉप घेतला, अन् गल्लीतल्या पोरांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला लागला. काही अडलं की तो आधी पडद्यावरचं वाक्य अक्षर न अक्षर वाचून दाखवायचा, मग थांबायचा, मग विचारायचा. दुरुस्तीचं अर्धं काम तेवढ्यानंच होतं. असा माणूस मला कचेरीत एक मिळाला नाही.

गेल्या हिवाळ्यात दादा गेला. छातीत दुखतं म्हणाला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुतण्या पुण्याला नोकरीत. तो आईला चल म्हणाला, वहिनी गेली नाही. घरात ती एकटी आणि पुढच्या खोलीत तो कम्प्युटर.

मे महिन्यात एका सकाळी वहिनीचा फोन आला. कम्प्युटर लागत नाही, नुसता टी-टी-टी असा आवाज करतो आणि पडदा काळा राहतो, असं ती म्हणाली. मी जरा चक्रावलो. वहिनीनं त्या कम्प्युटरला फडक्याशिवाय कधी हात लावला नव्हता. दसऱ्याला त्याच्या डब्यावर कुंकू लावायची तेवढाच तिचा आणि त्याचा संबंध. पण आवाजावरून मला कळलं की मेमरीची पट्टी नीट बसलेली नाही किंवा गंजली आहे. ते काही फोनवर होणारं काम नव्हतं. रविवारी सकाळच्या गाडीनं बडनेरा स्टेशनला उतरलो आणि ऑटोनं अमरावतीला दादाच्या घरी गेलो.

दार उघडलं तेव्हा वहिनी घामानं भिजलेली होती. पदरानं मान पुसत होती. पुढच्या खोलीत कूलर धडधडत होता आणि त्याचं तोंड सरळ कम्प्युटरकडे होतं. टेबल ओलं, डबा गार, आणि बाई स्वयंपाकघरात उकडून निघालेली. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, ते नेहमी म्हणायचे की कम्प्युटर तापू द्यायचा नाही, तापला की मरतो.

दादा बरोबरच म्हणायचा. पण आपल्या वऱ्हाडात तापलेल्या कुठल्याही गोष्टीवर एकच इलाज ठाऊक असतो, लावा कूलरसमोर. आजारी माणूस, लग्नातल्या भाज्या, नवी सून, सगळं कूलरसमोर. कूलरची हवा ओली असते, त्यात आपल्याकडची काळ्या मातीची धूळ. दोन्ही मिळून डब्याच्या आत जाऊन बसतात आणि पितळेवर चढावा तसा हिरवा थर धरतात. कम्प्युटरला साधा पंखा पुरतो, बाजूला हातभर मोकळी जागा पुरते. हे सगळं मी वहिनीला बोललो, आणि जरा चढ्या आवाजात बोललो. तिनं कूलर बंद केला आणि पदराच्या टोकानं डब्यावरचं पाणी टिपायला लागली. मग मी स्क्रूड्रायव्हर काढला.

डबा उघडला. मेमरीची पट्टी काढली तर कडेचे पिवळे दात हिरवे पडलेले. शाळकरी पोरांचं साधं खोडरबर घेऊन ते दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं घासायचे, भुकटी झटकायची, आणि पट्टी दोन्हीकडून टक असा आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. दुकानवाले याचा मोठा आव आणतात. मी बटण दाबलं, पडदा उजळला, आणि बऱ्याच वेळानं निळ्या पडद्यावर दादाचं नाव आलं.

आधी आडनाव, मग त्याचं नाव, मग आमच्या वडिलांचं नाव. सरकारी पद्धतीनं, जन्मभर मस्टरवर लिहिलं तसं. वर चौकटीत फुटबॉलचं चित्र. दादानं आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नव्हता. कम्प्युटरनं दिलेल्या चित्रांतलं कुठलंतरी उचललं असेल. खाली पासवर्डचा रकाना. मी वहिनीला पासवर्ड विचारला. तिला ठाऊक नव्हता, कोणालाच ठाऊक नव्हता. मी म्हणालो काही हरकत नाही, पासवर्ड काढून टाकायची युक्ती आहे, चहा होईपर्यंत उघडून देतो.

ती घाईघाईनं नको म्हणाली. मग खुर्चीवर बसली आणि तिनं मला सांगितलं. रोज सकाळी आंघोळ झाली की देवपूजेच्या आधी ती कम्प्युटर चालू करते. नाव येतं. समोर बसून ती चहा पिते. चहा संपला की बंद करते. दादा गेल्यापासून तिचा हा नेम होता आणि तो तिनं पोरालाही सांगितला नव्हता.

"मले काही उघडायचं नाही भाऊजी," ती म्हणाली. "नाव दिसते, बस. माणूस घरात हाये असं वाटते."

मी डब्याचं झाकण बसवायला वाकलो. आणि त्याच वेळी मला डब्यातून दुसरा आवाज ऐकू आला. टक्, थांबून टक्, मग घरघर. आमच्या धंद्यात हा आवाज सगळे ओळखतात. हार्ड डिस्क जात होती. पंखा, पट्टी, वायर, सगळं बदलता येतं. डिस्क म्हणजे त्या कम्प्युटरची सगळी आठवण, ती गेली की गेली.

तू बंद कसा करतेस, असं मी तिला विचारलं. तिनं भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. घराबाहेर निघताना गॅस पाहतो, बटणं पाहतो, तसं खट्. चालू डिस्कचा वीजपुरवठा असा तोडला की तिला धक्का बसतो. एकदोनदा काही होत नाही. ती हिवाळ्यापासून रोज तसंच करत होती. आधीच जुनी डिस्क, त्यात हे. हे मी तिला सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही.

डिस्क चालली आहे एवढं मात्र सांगावं लागलं. पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, काका, फोटो काढा, बाकी काही नाही पाहिजे. आईबाबांचे चिखलदऱ्याचे, त्याच्या लग्नातले, नातीला मांडीवर घेतलेला दादा, सगळे फोटो दादानं कम्प्युटरमध्ये जपून भरले होते आणि दुसरीकडे कुठेच ठेवले नव्हते. मी हजार लोकांना सांगितलं असेल की एक प्रत वेगळी ठेवा, पेनड्राइव्हमध्ये ठेवा, दुसऱ्याच्या घरी ठेवा. दादालाही सांगितलं होतं. तो हो म्हणाला होता.

मग मी वहिनीला नियम सांगितला. डिस्क असा आवाज करायला लागली की पुन्हा चालू करायची नाही. दर वेळी चालू केली की आतलं थोडं थोडं खरवडलं जातं. आज काढली तर फोटो निघतील. रोज नाव पाहत राहिली तर एक दिवस नावही जाईल आणि फोटोही.

तिनं विचारलं, फक्त उद्याचा एक दिवस? मी नाही म्हणालो.

मग तिनं विचारलं, नाव परत येईल ना. मी सांगितलं की नुसते फोटो न उचलता अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवता येते. ते जमलं तर नाव, फुटबॉल, पासवर्डचा रकाना, सगळं तसंच येईल. प्रयत्न करतो, म्हणालो. हा शब्द मी रोज वापरतो. लोक तो ऐकून निर्धास्त होतात, म्हणून वापरतो.

"पोराच्या बापाचे फोटो हायेत," ती म्हणाली. "काढा. पण आता चालूच हाये तं चहा होऊ द्या."

तिनं दोघांचा चहा आणला. आम्ही नावासमोर बसून तो प्यालो. गरम चहा इतक्या सावकाश पिताना मी कोणाला पाहिलेलं नाही. डब्यातून टक् टक् चालू होतं. एकेका आवाजाबरोबर एखादा फोटो जात असेल हे मला कळत होतं, पण तिला लवकर आटप म्हणायची माझी छाती झाली नाही. शेवटी कप खाली ठेवून ती उठली आणि म्हणाली, बंद तुम्हीच करा. मी कोपऱ्यातलं बटण दाबून रीतसर बंद केला.

अकोल्यात माझा एक जुना दोस्त आहे, डिस्कमधून हरवलेलं काढून देण्याचं काम करतो. त्याच्या वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, तेच पोरानं कम्प्युटरचं केलं. एरवी तो माझी टर उडवल्याशिवाय कामाला हात लावत नाही. डिस्क कानाशी धरून फिरवल्यावर तो हसला नाही. आठवडाभर त्यानं ती लावून ठेवली. थोडी चालवायची, गार होऊ द्यायची, परत चालवायची. मी रोज कचेरीतून सुटलो की तिथं जाऊन बसायचो. फोटो एकेक करत आले. चिखलदरा आलं, लग्न आलं, नात आली. विंडोज आणि दादाचं नाव ज्या भागात होतं तो भाग मात्र वाचलाच जाईना. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं, डिस्क तिथंच येऊन अडकायची, आणि मग ती फिरायचीच बंद झाली.

"भाई, घर का सामान तो पूरा निकल आया," तो म्हणाला. "चौखट नहीं आई." पैसे घेईना. मी चिडलो, तरी घेईना.

वहिनीला फोन केला. तिनं आधी फोटोंचं विचारलं. सगळे आले म्हणून सांगितलं. मग विचारलं, अन् नाव? मी म्हणालो, नाही आलं वहिनी. ती बरं म्हणाली, आणि मी जेवलो का ते विचारलं.

पुढच्या महिन्यात पुतण्यानं नवा कम्प्युटर घेऊन पाठवला. आईला एवढ्या मोठ्या पडद्यावर फोटो पाहता येतील, असं त्याचं म्हणणं. बसवायला मी गेलो. येताना गाडीत मी सगळं मनात ठरवलं होतं. नव्या कम्प्युटरवर पहिलं नाव दादाचंच टाकायचं, तसंच, आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं. फुटबॉलचं ते जुनं चित्रसुद्धा मी शोधून पेनड्राइव्हमध्ये आणलं होतं. वहिनी पाहील आणि तिचा नेम पुन्हा सुरू होईल, अशा आनंदात मी होतो.

टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढून मी वायरी जोडल्या, कम्प्युटर चालू केला. भाषा विचारली, देश विचारला, इंटरनेट विचारलं. मग एका इंग्रजी प्रश्नाची पाटी आली आणि खाली नावाचा रकाना. मी दादाचं आडनाव लिहायला लागलो. वहिनी मागे उभी होती.

"काय इचारून राहिलं ते?" ती म्हणाली.

मी वाचून सांगितलं, विचारतो आहे की हा कम्प्युटर कोण वापरणार.

ती पुढे येऊन रकान्यातल्या अक्षरांकडे वाकून पाहू लागली. मग म्हणाली, "आधीचं नाव त्याहीनं आपल्या हातानं लिहिलं होतं भाऊजी. हे तुमी लिहून राहिले. कम्प्युटरले खोटं कावून सांगता?"

"मग काय सांगू?"

"कोणी नाही म्हणा."

मी लिहिलेली अक्षरं एकेक करून खोडली. रकाना रिकामा असला की पुढचं बटण दाबता येत नाही. वहिनी चहा ठेवायला आत गेली आणि मी त्या पडद्यासमोर बसून मोठ्यानं रडलो.