वरच्या काकूंच्या सोयाबीनच्या वड्या

माझी मुलगी माझ्या हातचं जेवण टाकून वरच्या मजल्यावर जेवायला जायची. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. भिवंडीत आमची दोन खोल्यांची जागा, मागे लूमचा कारखाना. पोर दुसरीत होती, आणि नुसती हाडं. डॉक्टर म्हणाले, "हिच्या अंगात काही नाही. प्रोटीन द्या, अंडी द्या." आमच्याकडे अंडं उंबऱ्याच्या आत येत नसे. मग मी वाल भिजत घालायची, फडक्यात बांधून मोड आणायची, एकेक दाणा सोलायची आणि गूळ-खोबरं घालून बिरडं करायची. बाईसाहेब दोन दाणे चिवडणार आणि ताट सरकवणार. "पोट दुखतंय." रोज तेच.

त्याच सुमारास वर नवीन बिऱ्हाड आलं. नवरा सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या, कारखान्यात हिशेब बघायचा. बायको इंदूरकडची, माझ्याहून बरीच लहान, मूलबाळ नव्हतं. मराठी बोलता बोलता मधेच हिंदीत शिरायची. तिला माहेराहून सोयाबीनच्या वड्यांच्या पिशव्या यायच्या. एक दिवस आमचं कन्यारत्न शाळेतून परस्पर वर गेलं आणि खाली आलं ते ढेकर देत. "काकूंनी सोयाबीनची भाजी केली होती. मी तीन पोळ्या खाल्ल्या."

तीन! माझ्याकडे अर्ध्या पोळीला जिचं पोट दुखतं, तिनं तीन पोळ्या हाणल्या!

मग ते रोजचंच झालं. शाळा सुटली की दप्तर आमच्या दारात आणि पोर वर. हे म्हणाले, "खातेय ना? मग झालं तर." झालं कसं? नऊ महिने पोटात मी वागवायची, आणि जेवताना हसणार दुसरीच्या घरी? पोरीच्या गालांवर जरा तकाकी आली, तर तीसुद्धा मला बघवेना. लोक म्हणायचे, "सुधारली हो मुलगी." मी हसायची आणि आत नुसता जळफळाट.

बरं, ती बाई वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. तिनं उलट मलाच वड्यांची एक पिशवी आणून दिली. "ताई, घरी पण करून बघा ना." कशा करायच्या, हे तिला विचारायचं? मी? जन्मभर कडधान्यं शिजवलेली बाई मी. सोयाबीन म्हणजे शेवटी कडधान्यच की! रात्रभर वड्या भिजवल्या, सकाळी फडक्यात घट्ट बांधल्या आणि पुरचुंडी खिळ्याला टांगली. मोड येण्याची वाट बघत बसले.

मोड कसले येतायत! आधी आंबूस वास आला. मग फडकं बुळबुळीत झालं. तरी मी म्हणतेय, हवा दमट आहे, वेळ लागेल. शेवटी पोरगीच नाक दाबून म्हणाली, "आई, याला मोड नाही येत. काकू नुसत्या गरम पाण्यात टाकतात." आणि तशीच वर पळाली सांगायला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पोर शाळेत असताना ती खाली आली. आता ही हसणार, म्हणून मी तोंड आवळूनच दार उघडलं. ती हसली नाही. सरळ गॅसपाशी गेली. पाण्याला उकळी आणली, मीठ टाकलं, वड्या घातल्या आणि झाकण ठेवलं. फुगल्यावर गार पाण्यात काढून तळहातांत दाबून पिळल्या. "निचोडना ज़रूरी आहे, ताई. नाहीतर उग्र वास राहतो." पुन्हा धुतल्या, पुन्हा पिळल्या. मग कांदा, आलं-लसूण, टोमॅटो, चमचाभर घुसळलेलं दही. तेल अगदी बेताचं. मसाला मात्र मी माझा घातला, आणि वर ओलं खोबरं भुरभुरलं. तेवढं तरी माझं हवं ना! शेजारी काकडीची कोशिंबीर आणि ताक.

शाळा सुटायच्या आत ती उठली. "मी आले होते, हे तिला सांगू नका हं. नाहीतर तुमच्या हातची आहे, असं मानणार नाही ती."

पोरीनं त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बसून तीन पोळ्या खाल्ल्या. मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. वर जाणं थांबलं. मी जिंकले! आठवडाभर नुसती तरंगत होते.

शुक्रवारी मागच्या कारखान्याला सुट्टी, लूम बंद. एरवी त्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, पण शुक्रवारी वरचं भांडं वाजलं तरी कळतं. पोर शाळेतून आली, चपला काढल्या, आणि त्याच वेळी वरचं दार उघडलं. पावलं जिन्याच्या तोंडाशी आली आणि थांबली. बराच वेळ थांबली. मग परत गेली. दार लागलं. एक ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. एकच.

पुढच्या शुक्रवारी तेच. दार, पावलं, जिना. माझ्यासमोर पोर पोळीची वाट बघत बसली होती, कढईत भाजी वाफाळत होती. मला त्या बाईचा राग आला. इतक्या गुपचूप वाट बघायची काय गरज होती हिला? ओरडून बोलवायचं होतं.

मी कढईवर झाकण घातलं.

"आज माझी भाजी बिघडली गं. वर जा, काकूंकडे जेव."

"खरंच?" म्हणाली, आणि चपला न घालताच सुटली. निदान एकदा मागं वळून बघायचं! तेवढंही नाही.

वर दुसरं ताट वाजलं. मी माझं ताट वाढून घेतलं आणि एकटी जेवायला बसले. भाजी उत्तम झाली होती. तिच्या भाजीपेक्षा कांकणभर सरसच.