पोलंडनानांची खाणवाली

घरी कुणी आलं की पोलंडनाना त्याला बसायला घोंगडी टाकत, पाण्याचा तांब्या पुढे करत आणि त्याची खुशाली विचारायच्या आधी पोलंडमधल्या कुणा गायक-गायिकेची खुशाली त्याला सांगत. "आमच्या खाणवालीची नवी तबकडी निघाली असंल बगा एव्हाना." गुरांचा डॉक्टर असो, साखर कारखान्याचा माणूस असो की वाट चुकलेला बांगडीवाला, त्यातून कुणी सुटत नसे. पहिल्यांदा आलेला माणूस गोंधळून मान हलवायचा. दुसऱ्यांदा आलेला स्वतःच विचारायचा, "काय म्हनतीया खाणवाली?"

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, शकूआजी गाणं कुणाकडे शिकली? दोन वाक्यांत सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून लिहून पाठवते आहे. ती शिकली नानांकडे, आणि नानांना स्वतःला एक सूर धड लावता येत नव्हता.

नाना तुमच्या आजोबांचे सख्खे चुलते आणि शकूचे वडील. सातारच्या बाजूला, कृष्णेकाठच्या आमच्या गावात घराआड एक माणूस लष्करात होता. कुणी लडाख सांगे, कुणी नेफा. नाना सांगत लाओस. तिकडची लढाई थांबल्यावर शांततेवर देखरेख ठेवायला हिंदुस्थान, पोलंड आणि कॅनडाची माणसं पाठवली होती, त्यांत नाना होते. त्यांच्या शेजारच्या खोलीत एक पोलिश सार्जंट राहायचा. कागदावर त्याचं नाव वाचून नानांनी त्याचा जानोबा केला, आणि तो त्या नावाला ओ देत असे. थोडं इंग्रजी, थोडं हिंदी आणि बाकीचे हातवारे एवढ्यावर त्या दोघांची दोन वर्षं सुखात गेली. निघताना जानोबाने आपल्या देशातल्या लोकप्रिय गायकांच्या तबकड्या नानांना दिल्या. नाना सुभेदार होऊन घरी आले तेव्हा ट्रंकेत गणवेशाच्या खाली त्या होत्या आणि हातात बॅटरीवर चालणारा फोनो.

सत्तर सालानंतर लवकरच मी तुमच्या आजोबांशी लग्न होऊन त्या घरात आले. माझं माहेर सांगलीचं आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेले. आठवडाही झाला नसेल, नानांनी एका तबकडीचं पाकीट माझ्यापुढे धरलं. "सूनबाई, वाच. तू इंग्रजी शिकलीयास."

"नाना, हे इंग्रजी नाही."

"आगं, अक्षरं तर तीच हायत की!"

मी पुन्हा पाहिलं. अक्षरं तीच होती, पण एका ओळीत इतकी व्यंजनं एकमेकांना खेटून बसली होती की जीभ आत शिरेना. मी तसं सांगितलं. नाना नाराज झाले नाहीत. "मग र्‍हाऊ दे. जानोबानं तोंडी सांगितलंय ते पुरं हाय," म्हणाले.

त्यांचा नियम होता, आधी माणूस, मग गाणं. आयुष्य ऐकल्याशिवाय तबकडी फिरायची नाही. मूळ नावं उच्चारायला जड, म्हणून त्यांनी सगळ्यांना आपली नावं दिली होती. एक होता तिकीटवाला. तो आगगाडीत तिकिटं तपासायचा आणि दोन स्टेशनांच्या मध्ये गाणी रचायचा. गाणी दुसरेच म्हणायचे, नाव त्यांचंच व्हायचं. "डब्यात एखादा मानूस त्याचंच गानं गुनगुनत बसलेला असायचा," नाना सांगत. "ह्यो त्याच्याम्होरं उभा र्‍हायचा, कडवं संपूस्तवर थांबायचा आन मग म्हनायचा, तिकीट." दुसरा होता तोतरा. त्याला बोलताना शब्द अडायचा आणि गाताना कधीच नाही, म्हणून बायकोशी भांडण झालं तरी तो गाऊनच भांडे.

पण नानांची लाडकी खाणवाली. तिचा बाप कोळशाच्या खाणीत. पोरगी खाणकामगारांच्या सभागृहात गायची. आई म्हणायची, लोक काय म्हणतील? बाप काळ्या हातांनी टाळी वाजवायचा. शेजारणीचे बूट मागून घेऊन ती पहिल्यांदा शहरातल्या मंचावर उभी राहिली आणि पुढे सगळा देश तिची गाणी म्हणू लागला. एवढं सांगून नाना सुई टेकवत आणि म्हणत, "गळा कुनाच्या घरात जल्माला यील, ते गळ्याला ठावं नसतंय."

शकू हे ऐकत वाढली होती. तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची होती. भुईमूग निंदताना ती खाणवालीच्या चालीवर स्वतःचे शब्द घालायची. पाचटाचे, विहिरीचे, कुरकुरणाऱ्या मोटेचे, माहेरी आलेल्या मैत्रिणीचे. बाकीच्या बाया मागून धरायच्या. पोलंडातली चाल आमच्या वावरात इतकी रुळली होती की नव्या सुनांना ती गावचीच वाटे. मी तिला सांगलीला रेडिओच्या आवाज-चाचणीला घेऊन गेले. ती चाचणीत पास झाली. दिवाळीनंतर ध्वनिमुद्रणाला या, असं कळलं.

नाना आनंदाने अंगणात फिरत राहिले. शकूच्या आईला, नानींना, मात्र घोर लागला. रात्री भाकऱ्या थापताना मला म्हणाल्या, "तू शिकल्याली हाईस, तुझं निभावतंय. हिचं लगीन व्हायचंय."

आणि स्थळ आलंही. औंधकडचं, बागायती घर, मुलगा पलटणीत. नानींनी यमाईला नारळ बोलला. पाहुणे आले, त्यांच्यात मुलाचे थोरले चुलते भाऊसाहेब. भरघोस मिश्या, पांढरा फेटा, बोलणं मोजकं. त्या काळी मुलगी बघायला आलेली माणसं तिला चालायला लावत, काहीतरी वाचायला लावत आणि एखादं गाणं म्हणायला सांगत. शकूने आपलंच म्हटलं. भाऊसाहेबांनी डोळे मिटून ऐकलं.

"ग्वाड गळा हाय पोरीचा," ते म्हणाले.

"तर हो," नाना खुलले. "सांगलीला रेडिवर गानार हाय ती. दिवाळी झाली की."

बशीतला चमचा थांबला. भाऊसाहेब म्हणाले, "रेडिवर?"

"व्हय. आता आमच्या खाणवालीचं बगा. बाप खाणीत राबायचा..."

"कोन खाणवाली? तुमची भन का?"

"भन न्हवं हो. पोलंडची."

"ते कुठल्या तालुक्यात आलं?"

नानांनी पोलंड समजावून सांगितला. वाटेत तिकीटवाला आला, तोतराही येऊन गेला. भाऊसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाले, "सुभेदार, आमच्या पावन्यारावळ्यांत पोलंड न्हाई. पोरगी पसंत हाय. गानं घरात म्हनू दे, देवापुढं म्हनू दे. पर रेडिवर न्हाई. एकदा अक्षता पडल्या की त्वांड बंद."

मी आणि नानी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो. मी नानांकडे पाहत होते, कारण उत्तर त्यांनी द्यायचं होतं. नाना शकूकडे पाहत होते. शकू जमिनीकडे. तेवढ्यात माझ्या बाजूने नानी पुढे झाल्या. डोईवरचा पदर सारखा करून म्हणाल्या, "पोहं गार व्हायला लागल्यात. खाऊन घ्या. आन पोरगी गानार हाय."

पाहुण्यांनी पोहे खाल्ले, पान घेतलं, चांगल्या शब्दांत निरोप घेतला. गाडी वळल्यावर नानी चुलीपुढे बसून ढसाढसा रडल्या. "तुमच्या त्या खाणवालीनं माज्या पोरीचं लगीन मोडलं," असं त्या नानांना चार दिवस ऐकवत होत्या. मी एकदा म्हटलं, "नानी, पण नकार तुम्हीच दिलात." तर म्हणाल्या, "मग काय करू? त्वांड बंद म्हनला त्यो!"

नानांचा फोनो मात्र त्या दिवसापासून मुका झाला. एका दुपारी ते माझ्याजवळ येऊन बसले. "सूनबाई, एक इचारू? ती खाणवाली खरी असंल न्हवं?"

"म्हणजे?"

"जानोबानं सांगितलं आन मी धरलं. आजपातूर काय बिघडत नव्हतं. आता पोरीचं सगळं आयुष्य त्या गोष्टीवर टेकवून बसलोय मी."

मी ते पाकीट पुन्हा हातात घेतलं. पाकिटावरची अक्षरं मला अजूनही वाचता येत नव्हती.

ध्वनिमुद्रणासाठी नाना, शकू आणि मी एक दिवस आधी एसटीने सांगलीला गेलो; नानी घरीच राहिल्या. माझ्या भावाने सहज सांगितलं की मिरजेत सतार करवून घ्यायला एक परदेशी मुलगी येऊन राहिली आहे, बहुतेक पोलंडचीच. नानांनी पिशवी उचलली. पंच्यात गुंडाळून त्यांनी खाणवालीची तबकडी बरोबर आणलीच होती. शकू आणि मी मागोमाग.

तंतुवाद्यांच्या दुकानाच्या ओसरीवर भोपळे वाळत घातले होते. त्यांच्यामध्ये एक उंच मुलगी मांडी घालून बसली होती. केसांत लाकडाचा भुसा. नाना तिच्यासमोर ताठ उभे राहिले आणि जानोबाने शिकवलेलं पोलिश वाक्य त्यांनी खणखणीत म्हटलं. मुलगी आधी बघत राहिली, मग पोट धरून हसू लागली. त्या वाक्याचा अर्थ तिने मला इंग्रजीत सांगितला. मी तो नानांना सांगितला नाही. "तुमचे उच्चार छान आहेत म्हणते," एवढंच म्हटलं.

पाकीट पाहताच तिने तबकडी छातीशी धरली. तिच्या आईची आवडती गायिका! अजून गाते, अजून लोकप्रिय आहे. नानांचा चेहरा उजळला. मग मी पाकिटावर काय लिहिलंय ते विचारलं. गाण्यांची नावं, दुसरं काही नाही. आणि गायिकेचे वडील? मुलीने खांदे उडवले. औषधांच्या दुकानाचे मालक, मोठ्या शहरातले. गायिका रीतसर संगीत शाळेत शिकलेली. हे सगळ्यांना माहीत आहे. खाण? नाही, खाणीबद्दल तिने कधी काही ऐकलं नव्हतं.

मी हे सगळं नानांना जसंच्या तसं सांगितलं. ते ओसरीच्या कडेला बसले. आतून कुणीतरी तार जुळवत असल्याचा आवाज येत होता.

"जानोबाचा बाप खाणीत हुता," नाना म्हणाले. "त्याला एक धाकली भन हुती. गायची म्हनं. एकदाच बोलला तिच्याबद्दल. लगीन झालं तिचं, गानं र्‍हायलं. पुन्यांदा नाव काढलं न्हाई त्यानं." पंच्याची घडी घालत म्हणाले, "मला वाटतं, त्यानं भनीचं आयुष्य हिला देऊन टाकलं. व्हायला पायजे हुतं तसं करून."

खरं तसंच होतं की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पण नानांनी शकूला जवळ बोलावलं. "पोरी, म्यां तुला जे सांगितलं ते घडल्यालं न्हाई. मला ठावं नव्हतं, आता झालंय. स्थळ मोडलं ते खरं हाय. तुला परत फिरायचं असंल तर संध्याकाळची यष्टी हाय. कुनी काय म्हननार न्हाई."

शकूने विचारलं, "म्हंजी जानोबाची भन म्होरं गायलीच न्हाई?"

"न्हाई."

शकूने वाळत घातलेल्या एका भोपळ्यावर बोटाने टिचकी मारली. आवाज ऐकला. मग माझ्याकडे वळली. "वयनी, उद्या किती वाजता जायाचं?"

ती गायली. त्या दिवशी, आणि नंतरही. पहिलं गाणं लागलं तेव्हा मारुतीच्या देवळापुढे लोक जमले होते. गाणं संपल्यावर नानी म्हणाल्या, "मधी जरा घाई केली हिनं," आणि तेव्हापासून घरातली टीका त्यांच्याकडे गेली. दोन वर्षांनी सांगलीच्या एका शिक्षकांनी स्वतः येऊन मागणी घातली. त्यांनी शकूचा आवाज आधी ऐकला होता, चेहरा मागाहून पाहिला. तेच तुमचे दादाआजोबा.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा नाना आजारी पडले. मिरजेच्या दवाखान्यात एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते. शकू सांगलीहून रोज यायची, तशी आली. नानांनी तिचा हात धरून विचारलं, "माझं चुकलं तर न्हाई न्हवं, पोरी? खोट्या गोष्टीवर तुला सोडून दिली."

 शकूने पिशवीतली मोसंबी काढून ठेवली आणि ती म्हणाली, "नाना, एक गानं अडलंय. ऐका जरा." खाटेवर बसून तिने हळू आवाजात म्हटलं. मुलगी गाव सोडून गायला निघाली आहे, मागे वळून पाहते तर बांधावर तिचा बाप उभा.

नानांनी डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली. "बाप काढ तितनं."

"का?"

"मी तर तुझ्याबरूबर यष्टीत हुतो. बांधावर तुझी आई उभी हुती. गाडी वळूस्तवर. मी बघितलंय. तिथं आई घाल."

"नाना, चालीत बसनार न्हाई, वजन चुकंल."

"चुकू दे."

शकू अजून ते गाणं गाते. त्या ओळीवर आल्यावर वजन जरासं चुकतं. साथीला बसणारे नवे वादक तिला ते सांगतात, आणि ती म्हणते, राहू दे.