मालकाचं ऐकायचं नाही

वादक संघाच्या स्मरणिकेसाठी माझ्या धाकट्या भावाबद्दल दोन पानं लिहून द्या, असा निरोप आला आहे. माणूस जाऊन वर्ष व्हायच्या आत त्याचं कौतुक उरकून टाकायची लोकांना फार घाई असते. लिहिते. छापायचं की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं.

त्याला सगळे कॅलेंडर म्हणायचे. जुन्या पेडल स्टील गिटारी विकत घेणं, दुरुस्त करणं, विकणं आणि त्या कोणत्या सालच्या ते सांगणं, एवढंच त्यानं जन्मभर केलं. ज्यांनी हे वाद्य पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, ही गिटार गळ्यात अडकवायची नसते. चार पायांच्या अरुंद टेबलावर तारा ताणाव्यात तसं ते धूड असतं. वाजवणारा समोर बसतो, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवतो, पायांनी पेडलं दाबतो, गुडघ्यांनी दांडे ढकलतो आणि गिटारीच्या पोटाखालच्या सळ्या तारा ओढून सूर बदलतात. माझ्या भावाला यावर एकही गाणं येत नव्हतं. त्याला गिटार पालथीच आवडायची.

गिऱ्हाईक आलं की तो आधी तिचे पाय काढायचा, जुन्या ब्लँकेटवर तिला पालथी घालायचा आणि चष्म्यावर आणखी एक भिंग लावून आत डोकं घालायचा. स्क्रूची डोकी, सळ्यांची टोकं, लाकडाला लावलेलं पॉलिश, सगळं वासासकट बघायचा. सगळ्यात जास्त भरवसा पॉटवर. आवाज कमीजास्त करायच्या बटणाखाली जो गोल डबीएवढा भाग असतो तो पॉट. त्याच्या पाठीवर बारीक आकडे ठोकलेले असतात आणि त्यांत तो बनवल्याचं साल आणि आठवडा असतो. पाव तासात भाऊ निकाल द्यायचा. मी शेजारी वही घेऊन बसायची. नोकरीत तीस वर्षं साहेबांचं लिहून घेतलं, निवृत्त झाल्यावर भावाचं.

गिटार जितकी जुनी तितकी किंमत चढायची, त्यामुळे येणारा प्रत्येक जण वडिलांच्या नाहीतर चुलत्यांच्या गोष्टी घेऊन यायचा. भाऊ हात वर करून त्यांना थांबवायचा. त्याचा नियमच होता, तपासणी होईपर्यंत मालकाचं ऐकायचं नाही. "मालक खोटं बोलतो असं नाही, ताई," तो मला म्हणायचा, "त्याला नीट आठवत नसतं. आणि एकदा कानावर पडलं की आपल्याला तेच दिसायला लागतं." मला हे फार शहाणपणाचं वाटायचं. संघाच्या लोकांनाही वाटायचं. त्यांनी तर त्याचे हे शब्द आपल्या पत्रकात छापले होते.

त्यानं एकाएकी दुकान बंद केलं ते पाठीच्या दुखण्यामुळे, असं सगळे समजतात. ती थाप मीच पसरवली होती.

झालं असं. संघानं आपल्या सभागृहात पितळी फलक लावायचा ठरवला. त्रेसष्ट साली इथल्या वादकांची पहिली तबकडी निघाली होती, तिच्यावर कोणी काय वाजवलं त्याची नावं. तबकडीवर नावं छापलेली नव्हती. बाकीच्या नावांवर वाद नव्हता, पण पेडल स्टीलला दोन दावेदार निघाले. एक वारलेले, त्यांचा मुलगा संघाचा चिटणीस. दुसरे एक जुने वादक, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. मास्तर आयुष्यभर सांगत आले होते की ती तबकडी त्यांनी वाजवली, आदल्या वर्षी नवी घेतलेल्या गिटारीवर, आणि ती गिटार अजून घरात आहे. साक्षीदार कोणी उरला नव्हता. मग ठरलं, कॅलेंडर ती गिटार बघेल. त्रेसष्टच्या आधीची निघाली तर नाव मास्तरांचं, नाहीतर दुसऱ्यांचं.

आम्ही गेलो तेव्हा मास्तर खिडकीपाशी खुर्चीत होते. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. भिंतीवर ती तबकडी चौकटीत लावलेली. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे वहिनींनी, गिटारीवरची चादर काढली आणि बोलायला सुरुवात केली. "भाऊ, ही एकदा पडली होती हं. जिन्यावरून. तेव्हा ह्यांनी..."

"वहिनी, आत्ता काही सांगू नका," भाऊ म्हणाला. "आधी मला बघू द्या."

त्या बिचाऱ्या गप्प बसल्या. भावानं गिटार पालथी घातली. दोन्ही पॉटवर सहासष्ट साल. गिटार तिच्यातल्या भागांपेक्षा जुनी असूच शकत नाही, पण भाग बदललेले असू शकतात, एवढं तर मलाही ठाऊक होतं. म्हणून त्यानं आतल्या वायरींचे डाग, म्हणजे झाळलेले सांधे, बघितले, सोल्डरिंग कोणी उकलून पुन्हा केलंय का ते. बराच वेळ बघत राहिला. मग मान डोलावून म्हणाला, "लिही ताई. डाग कारखान्यातलेच. इतकी सफाई बाहेरच्या माणसाच्या हाताला नसते." तारा लावलेल्या होत्या, त्यांच्याखालची पिकअपची, म्हणजे तारांचा आवाज उचलणाऱ्या भागाची, पट्टी काढायची तर सगळं उस्कटावं लागलं असतं. ती त्यानं काढली नाही. साल सहासष्ट, गिटार तबकडीनंतरची. त्यानं ते मोठ्यानं सांगितलं.

मास्तरांनी डावा हात उचलला आणि बोट भावावर रोखलं. घशातून आवाज काढत होते, शब्द एकही फुटत नव्हता. बोट भावाच्या छातीकडे, मग गिटारीकडे, मग पुन्हा भावाकडे. तीन-चार वेळा तरी. वहिनी लाजेनं लाल झाल्या आणि त्यांनी पुढे होऊन तो हात खाली दाबला. बाहेर पडल्यावर भाऊ म्हणाला, "लबाडी उघडी पडली की असंच होतं." आणि मी वहीत लिहिलं, "मालक तापट. बोट रोखून धमकावतात." ती वही माझ्याकडे अजून आहे.

फलक लागला, नाव चिटणिसाच्या वडिलांचं. दोन वर्षांनी मास्तर गेले. पुढे महिन्याभरात जुन्या फर्निचरचा एक व्यापारी ती गिटार घेऊन दुकानात आला. वहिनींनी ती कपाट आणि पलंगाबरोबर मिळेल त्या भावात काढून टाकली होती. भावाला तिचा पिकअप दुसऱ्या गिटारीसाठी हवा होता, म्हणून त्यानं ती घेतली आणि या वेळी पट्टी काढली.

खाली लाकडावर कारखान्याच्या माणसानं पेन्सिलीनं टाकलेली तारीख होती, बासष्ट सालची. तिच्या शेजारी कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली. "जिन्यावरून पडली. दोन्ही पॉट व सर्व वायरिंग बदलले." खाली सदुसष्टची तारीख. अक्षर माझ्या भावाचं होतं. बाविसाव्या वर्षी तो एका वर्कशॉपमध्ये कारागीर होता आणि काय बदललं ते पट्टीखाली लिहून ठेवायची पद्धत तिथं त्यानंच पाडली होती, पुढच्या माणसाची फसगत होऊ नये म्हणून.

कारखान्याची म्हणून त्यानं वाखाणलेली सफाई त्याच्या स्वतःच्या हाताची होती. त्या वर्कशॉपमध्ये शेकडो वाद्यं येऊन गेली, त्याला यातलं काही आठवत नव्हतं. मालकाला मात्र सगळं आठवत होतं.

दुसऱ्याच दिवशी तो चिठ्ठी घेऊन चिटणिसाकडे गेला. चिटणीस गोड हसले म्हणे. "चिठ्ठी तुमच्या हातची, गिटार आता तुमच्या मालकीची, आणि ती जुनी ठरली तर भाव तुम्हालाच येणार. तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, मालकाचं ऐकायचं नाही." फलक आहे तसाच राहिला. या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर त्या फलकाचाच फोटो आहे असं कळतं. छान.

मग आम्ही वहिनींकडे गेलो. खोली निम्मी रिकामी झाली होती. भिंतीवर तबकडीच्या जागी खिळा होता. भावानं चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "चूक माझी," म्हणाला. "मास्तर खरं सांगत होते."

वहिनींनी चिठ्ठी दोनदा वाचली. "त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी ह्यांना नाही नाही ते बोलले," त्या म्हणाल्या. "जन्मभर मला खोटं सांगत आलात म्हटलं. तबकडी ह्यांच्यासमोर काढून भंगारवाल्याला देते म्हटलं, आणि दिली. ते नुसते बघत होते. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं नाही."

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली.

"तुम्हाला ओळखलं होतं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "पॉट ह्यानं बदललेत, ह्याला विचारा, एवढंच सांगत होते. आणि मी त्यांचा हात दाबून धरला. त्यांचा तेवढा एकच हात चालत होता, भाऊ. त्यानंतर दोन वर्षं जगले, पण पुन्हा तो त्यांनी कशाकडेही दाखवायला उचलला नाही."