पहिली किल्ली

“इंजन को हाथ लगाए, चलेगा. सीट पर मत बैठाना.”

बॉनेट उघडं होतं. मी त्याच्या आड वाकून नळीचा क्लॅम्प सोडवत होते. गाडीच्या मालकाला मी दिसत नव्हते. किंवा दिसत असेन, आणि त्याला फरक पडत नसेल.

“मम्मी ने कल ही पूजा करवाई है गाड़ी की,” तो म्हणाला. “आप तो समझते हो.”

“समझ गया, भैयाजी.” हा आवाज भाऊंचा.

भाऊ म्हणजे आमच्या गॅरेजचे मालक. या हिंदी शहरातल्या दीक्षितपुऱ्यातले, मराठी. मला त्यांनी कामावर घेतलं तेव्हा इथल्या सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. म्हणून ते ‘समझ गया’ मला जास्त लागलं.

थोड्या वेळापूर्वी गाडीच्या मालकानं माझं नाव विचारलं होतं. मी सांगितलं. “पूरा नाम?” तेही सांगितलं. “घर?” कांचघर, आमची वस्ती. मग तो हसला. “अच्छा. वो नीले झंडे वाले.”

अशा वेळी मी बोलतच नाही. माझे हात चालू राहिले, आणि त्याचाच मला राग आला.

त्याच्या गाडीत बाहेरून मागवलेला मोठा टर्बो बसवला होता. वेगासाठी. पण बसवणाऱ्यानं तो तिरपा बसवलेला. तेल बाहेर पडायचं तोंड सरळ खाली हवं, ते बाजूला. तेल आत तुंबायचं आणि मागून निळा धूर यायचा. बाहेरचं ओतीव कवच सैल करायचं, मधला भाग फिरवून तोंड खाली आणायचं, एवढंच काम. पण कवच तापून, गंजून घट्ट बसलेलं. बोल्ट निघाले. कवच हलेना.

टर्बो काढून टेबलावर घेतला. गंज सोडवणारं तेल मारलं. कवच तापवलं. लाकडी हातोडीनं सगळीकडून हलके ठोके. एकाच बाजूनं जोर केला की आतली पाती घासतात, वाकतात. घाई चालत नाही. आणि माझ्या आत तर नुसती घाई चालली होती. हातोडी फेकावी. निघून जावं. कुठे जावं?

सीट. त्या शब्दानं मला शाळेत नेलं.

राइट टाउनमधली इंग्रजी शाळा. मैत्रिणीचा वाढदिवस. संध्याकाळी तिची आई आम्हा मुलींना गाडीनं घरी सोडायला निघाली. मागच्या सीटवर तिनं वर्तमानपत्र अंथरलं. फक्त माझ्या जागेवर. “बेटा, नई गाड़ी है न.” बाकीच्या तशाच बसल्या. मी अंग चोरून बसले, कागद चुरगळू नये म्हणून. उतरताना “थँक यू, आंटी” म्हणाले. शाळेनं तेच शिकवलं होतं.

“काहून वं, तोंड काहून उतरलं?” आईनं विचारलं.

“कुछ नहीं,” मी म्हणाले.

पुढे मेकॅनिकल केलं. बाबांना वाटत होतं, मी त्यांच्यासारखी फॅक्टरीत लागावी. मी गॅरेज निवडलं. इंजिन आडनाव विचारत नाही, असं वाटायचं मला. इंजिन विचारत नाहीच. पण इंजिन कुणाचं तरी असतं.

कवच सुटलं. आधी बोटांना कळलं, मग डोळ्यांना. मधला भाग फिरवला, तोंड खाली आणलं. गंज घासून काढला, बोल्ट आवळले. टर्बो पुन्हा गाडीत चढवला. नळ्या जोडल्या, तेल भरलं.

आता फक्त गाडी सुरू करायची राहिली.

आमच्या गॅरेजात एक रीत आहे. इंजिनाचं काम ज्याच्या हातचं, पहिली किल्ली त्यानंच फिरवायची. ही रीत भाऊंचीच. बिघडलं तर त्याला आधी ऐकू यावं, आणि जमलं तर ते त्याचं असावं. मला त्यांनी पहिल्यांदा किल्ली दिली, त्या दिवशी मी मेकॅनिक झाले. त्याआधी नुसती शिकलेली मुलगी होते.

मी हात पुसले आणि पुढे केला. किल्ली भाऊंच्या मुठीत होती.

“तू हात धू नं, बेटा. चहा घे. मी करतो चालू.”

“काहून?”

ते चपापले. त्यांच्याशी मी कधी मराठीत बोलले नव्हते. मला नीट येत नाही म्हणून लाजायचे.

“काहून म्हणून काय विचारून राहिली? गिऱ्हाइक आहे. एका दिवसानं काय होते?”

गाडीचा मालक चालकाच्या बाजूच्या दाराला टेकून मोबाईल बघत होता. मान वर न करता म्हणाला, “कोई दिक्कत है क्या?”

“नहीं नहीं, भैयाजी,” भाऊ म्हणाले. मग माझ्याकडे बघून, हळूच, “जाऊ दे नं.”

मी पुढे केलेला हात मागे घेतला नाही.

“नाही जाऊ देत. काम माझं आहे, भाऊ. किल्ली मी फिरवीन, सीटवर बसून. त्यांना नको असेल तर गाडी ढकलत नेऊ द्या. आणि तुम्ही बसले, तर उद्यापासून मी येत नाही.”

भाऊंची मूठ उघडली नाही, पण सैल झाली. मी किल्ली काढून घेतली. मालकानं आता मान वर केली होती. त्याला कळावं म्हणून मी हिंदीत म्हणाले,

“दरवाज़े से हटिए. मुझे बैठना है.”